विमानाचें सोंग

पावसाळ्याच्या दिवसांत नाशिकहून पेठकडे येणारी मोटार सावळ घाटांत शिरली म्हणजे कित्येकदां असें होतें कीं, समोरच्या कांचेपलीकडे चार हातांवरचा रस्ताहि दिसेनासा होतो. दऱ्या, झाडें, वळणावरील पांढरे दगड, सारें एका करड्या धुक्यांत विरून जातें. अशा वेळीं जाणता चालक काय करितो, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं स्वतः पाहिलें आहे. तो दिवे लावितो, वेग कमी करितो, आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर कडेला मोटार उभी करून धुकें विरळ होण्याची वाट पाहत बसतो. उतारूहि कुरकुर करीत नाहींत; कारण खालची दरी सर्वांस ठाऊक असते. आतां अशी कल्पना करा कीं, मोटारीस थांबण्याची सोयच नाहीं. थांबली कीं ती दरींत पडणार. वेगहि कांहीं मर्यादेपेक्षां कमी करतां येत नाहीं. आणि धुकें मात्र तसेंच दाट आहे. ढगांत शिरलेल्या वैमानिकाची स्थिति नेमकी अशी असते.

कोणतीहि विद्या चुकत चुकतच शिकावी लागते. सायकल शिकणारा मुलगा दहा वेळां पडतो, गुडघे फोडून घेतो, आणि अकराव्या वेळीं त्याची सायकल चालूं लागते. पोहण्यास शिकणाऱ्याच्या पाठीस आपल्याकडे भोपळा बांधितात. त्याच्या आधारानें तो विहिरींत हातपाय मारितो आणि घाबरला तरी बुडत नाहीं. परंतु उडण्यास शिकणाऱ्यानें चूक कोठें करावी? आकाशांत भोपळा बांधतां येत नाहीं. ही अडचण विमानविद्येच्या अगदीं आरंभापासून जाणवत आली, आणि तिच्यावर मनुष्यानें जो तोडगा काढिला तो म्हणजे जमिनीवरून कधींहि न उठणारें विमान होय. इंग्रजींत त्यास सिम्युलेटर म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेंत थोडक्यांत सांगावयाचा तर ‘सोंग आणणारा’ असा होईल. आमच्या भागांत बोहाड्याच्या रात्रीं मुखवटे चढवून सोंगें नाचतात, तीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. मुखवट्याखालचा मनुष्य आपल्याच पाड्यावरचा आहे, हें पाहणारास पुरतें ठाऊक असतें. तरी वाद्यें वाजूं लागलीं व सोंग पुढें सरसावलें कीं लहान मूल आईच्या पदराआड दडतें. सोंग उत्तम वठलें म्हणजे अंगावर कांटा येतोच. विमानाचें सोंग बनविणाऱ्या कंपन्यांचा सारा व्यवसाय या एका गोष्टीवर उभारलेला आहे.

हें सोंग कां लागतें व तें साधतें कसें, हें समजण्यास अगोदर आपल्या कानांत डोकावलें पाहिजे. कानाचें काम ऐकणें एवढेंच नाहीं. प्रत्येक कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार सूक्ष्म नळ्या असून त्या एकमेकींशीं साधारण काटकोनांत असतात. त्यांत एक द्रव असतो. डोकें फिरलें कीं नळी फिरते, पण आंतील द्रव क्षणभर मागें राहतो; त्या मागें राहण्यानें नळींतील सूक्ष्म केंस वांकतात आणि ‘आपण फिरत आहों’ अशी वर्दी मेंदूकडे जाते. पाण्यानें भरलेला लोटा हातांत धरून गर्रकन फिरवावा, म्हणजे लोटा फिरतो पण आंतील पाणी प्रथम जागच्या जागीं राहतें. लोटा फिरवीतच राहिलें तर थोड्या वेळानें पाणीहि त्याबरोबर फिरूं लागतें. आणि लोटा अचानक थांबविला तर पाणी आपलें फिरतच राहतें. कानांतहि तेंच घडतें. फुगडी घालणाऱ्या मुलींस विचारा. फुगडी थांबली, पाय स्थिर झाले, तरी अंगण फिरतच असतें.

अंगणांत याची मौज वाटते. ढगांत यानेंच प्राण जातात. विमान हळूहळू एका कुशीवर कललें व वळूं लागलें तर तें कलणें इतकें मंद असूं शकतें कीं कानास त्याची दादहि लागत नाहीं. बाहेर डोंगर, नदी किंवा क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाची चूक सुधारून घेतात. पण ढगांत डोळ्यांस दिसावयाचें काय? वैमानिकास वाटतें, आपण सरळ चाललों आहों. मग विमानाचें नाक खालीं झुकतें, वेग वाढतो, उंची कमी होऊं लागते. तें पाहून तो दांडा आपल्याकडे ओढतो, आणि त्यानें विमान वर न जातां आपलें वर्तुळ अधिकच आंवळून घेतें. एखाद्यानें यंत्रांकडे पाहून विमान खरोखरीच सरळ केलें, तरी त्याचा कान त्यास सांगतो कीं, आतां तूं उलट बाजूस कलला आहेस. आणि कानावर विश्वास ठेवून तो पुन्हा पहिल्या वळणांत शिरतो. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें १९५४ सालीं, यंत्रांच्या आधारें उडण्याचें शिक्षण न मिळालेल्या वीस जणांस अशा आंधळ्या स्थितींत घालून पाहिलें. विसांपैकीं विसांचाहि ताबा सुटला, आणि त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. पुरतीं तीन मिनिटेंहि नाहींत!

यावर उपाय म्हणजे कानाचें न ऐकतां कांट्यांचें ऐकणें. वेगानें फिरणारा भोवरा आपला आंस सहसा सोडीत नाहीं, हा मुलांच्या रोजच्या पाहण्यांतला गुण घेऊन ‘कृत्रिम क्षितिज’ नांवाचें यंत्र बनविलें गेलें. विमान कसेंहि कललें तरी त्यांतील रेषा खऱ्या क्षितिजाशीं समांतर राहते. १९२९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २४ तारखेस जेम्स डूलिटल या अमेरिकन वैमानिकानें आपल्या बैठकीवर आच्छादन ओढून घेऊन, बाहेरचें कांहींहि न पाहतां, केवळ यंत्रांवर नजर ठेवून विमान उडविलें, फिरविलें व उतरविलें. म्हणजे साधन सिद्ध झालें होतें. उणीव होती ती मनुष्याची. स्वतःच्या शरीराची साक्ष खोटी मानून एका कांट्यावर भरंवसा ठेवणें हें पुस्तक वाचून येत नाहीं. त्यास पुष्कळ तासांचा सराव लागतो, आणि तो सराव खऱ्या ढगांत करावयाचा म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

सरावाचीं ओबडधोबड साधनें पूर्वींहि निघालीं होतीं. फ्रान्समध्यें १९१० च्या सुमारास आंत्वानेत कंपनीच्या विमानशाळेंत अर्ध्या कापलेल्या पिंपांवर एक बैठक बसवीत. विद्यार्थी वर बसे, खालीं उभे असलेले मदतनीस ती बैठक डगमगवीत, आणि विद्यार्थ्यानें हाताशीं असलेलीं चाकें फिरवून ती सांवरावयाची. पहिल्या महायुद्धांत पंख आंखूड केलेलीं विमानें शिकाऊ लोकांस मैदानांत नुसतीं पळवावयास देत. उडतां न येणाऱ्या त्या विमानांस ‘पेंग्विन’ हें नांव पडलें होतें. परंतु विमानाचें खरें सोंग प्रथम वठविलें तें कोणा विमानाच्या कारखान्यानें नव्हे, तर वाद्यांच्या कारखान्यानें.

एडविन लिंक याचा जन्म १९०४ सालचा. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन या गांवीं त्याच्या वडिलांचा, आपोआप वाजणारे पियानो व नाटकगृहांसाठीं मोठे ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता, आणि मुलगा भात्यांच्या व झडपांच्या सहवासांतच वाढला. सोळाव्या वर्षीं त्यानें विमानाचा पहिला धडा घेतला. तासाभराचे पन्नास डॉलर मोजले. शिक्षकानें आकाशांत हव्या तितक्या कोलांट्या मारून दाखविल्या, पण शिष्यास दांड्याला हात म्हणून लावूं दिला नाहीं. पैसे गेले आणि विद्या कांहींच आली नाहीं. त्या मुलाच्या वडिलांस काय वाटलें असेल, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. मुलगा मात्र विमानाचा नाद सोडीना; आणि एवढ्या महाग विद्येचा आरंभ तरी जमिनीवर स्वस्तांत करतां येणार नाहीं काय, या विचारानें त्यास पछाडलें. १९२७ ते १९२९ या काळांत कारखान्याच्या तळघरांत बसून त्यानें आपलें यंत्र तयार केलें.

प्रार्थनेच्या वेळीं वाजणारी पेटी आमच्या सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. भाता हालविला कीं हवा भरते, आणि सुरावर बोट पडलें कीं त्या हवेस वाट मिळून आवाज निघतो. लिंकनें हेंच केलें. फक्त आवाजाऐवजीं हालचाल काढिली. एका माणसापुरती, आंखूड पंखांची, लांकडी अशी विमानाची एक लहानशी प्रतिकृति त्यानें एका सांध्यावर अशी बसविली कीं ती पुढेंमागें व दोन्ही कुशींवर कलूं शकेल. तिच्या खालीं चार बाजूंस चार भाते ठेविले, आणि हवा ओढून घेण्यास विजेवर चालणारा पंप जोडिला. विद्यार्थ्यानें दांडा पुढें लोटला कीं पुढच्या भात्याची झडप उघडे, त्यांतील हवा ओढली जाऊन भाता मिटे आणि नाक खालीं जाई. दांडा मागें घेतला कीं उलट होई. पायांनीं पट्ट्या दाबल्या कीं भात्यांच्याच जोरावर चालणारें दुसरें एक यंत्र सबंध प्रतिकृति तिच्या बैठकीवर गरगर फिरवी. १९२९ च्या एप्रिलमध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला व १९३१ सालीं तें त्यास मिळालें. परंतु वैमानिकी शिकविणाऱ्यांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. त्याचीं पुष्कळशीं यंत्रें प्रथम करमणुकीच्या बागांत व जत्रांत गेलीं. तेथें लोक पाळण्यांत बसावें तसे नाणें टाकून त्यांत बसत आणि हंसत उतरत.

हें चित्र पालटलें तें एका दुःखद कारणानें. १९३४ सालच्या फेब्रुवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खासगी कंपन्यांचे करार रद्द करून विमानटपालाचें काम सैन्याच्या विमानदळाकडे सोंपविलें. हिवाळा कडक होता, उड्डाणें रात्रीचीं होतीं, आणि सैन्याच्या तरुण वैमानिकांस यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचा सराव नसल्यासारखाच होता. कांहीं महिन्यांत साठांहून अधिक अपघात होऊन विमानदळाचे बारा जण मरण पावले. तेव्हां अधिकाऱ्यांस लिंकच्या यंत्राची आठवण झाली. न्यूअर्कच्या मैदानावर त्याची भेट ठरली. परंतु त्या दिवशीं धुकें इतकें होतें कीं, आज हा मनुष्य कांहीं येत नाहीं, असें म्हणून वाट पाहणारे परत निघण्याच्या बेतांत होते. तोंच वरून इंजिनाची घरघर ऐकूं आली, आणि लिंक धुक्यांतून नीट उतरला. आपल्या यंत्राची शिफारस त्यास तोंडानें करावी लागली नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत सैन्यानें दर यंत्रास ३,५०० डॉलर देऊन सहा यंत्रें विकत घेतलीं.

आपल्या देशांत टाटांचें विमानटपाल याच्या अगोदरच सुरू झालेलें होतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. विमानांत रेडिओ नव्हता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई म्हणून विमानें पुण्याकडे हलवावीं लागत. आषाढांतला सह्याद्रि कसा असतो हें आम्हांस येथें बसून दिसतें. त्यावरून टपालाच्या थैल्या नेणाऱ्या त्या लोकांच्या हिमतीचें कौतुक करावें कीं त्यांची काळजी करावी, हें आजहि आम्हांस ठरवितां येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत लिंकच्या यंत्रास खरी मागणी आली. दहा हजारांहून अधिक यंत्रें तयार झालीं आणि पांच लाखांवर वैमानिक त्यांत बसून शिकले. निळ्या रंगामुळें त्यास ‘निळी पेटी’ म्हणूं लागले होते. विद्यार्थी आंत बसला कीं डोक्यावरचें झांकण बंद होई. आंत फक्त कांटे, त्यांवरचा मंद उजेड आणि कानांत शिक्षकाचा आवाज. शिक्षक बाहेर टेबलाशीं बसे. त्याच्या समोरच्या नकाशावर तीन चाकांचें एक चिमुकलें यंत्र खेंकड्यासारखें सरकत असे आणि विद्यार्थी आंत जसा वळेल तशी शाईची रेघ ओढीत जाई. धडा संपून झांकण उघडलें म्हणजे ती रेघ शिष्यापुढें ठेवण्यांत येई. ‘मी सरळच जात होतों’ असें म्हणण्यास मग जागा उरत नसे.

युद्धानंतर विमानें मोठीं झालीं, त्यांचें सोंगहि मोठें झालें. १९४८ सालीं कर्टिस-राइट कंपनीनें पॅन अमेरिकन कंपनीसाठीं बोइंग स्ट्रॅटोक्रूझर या प्रवासी विमानाची सबंध कोठडीच हुबेहूब उभी केली. ती हालत नसे व तिच्या खिडक्यांतून कांहीं दिसत नसे. पण प्रत्येक कांटा व प्रत्येक खटका खऱ्याप्रमाणें वागे. दृश्य दाखविण्याची युक्ति पुढें निघाली, आणि ती फार गमतीची होती. मोठ्या दालनांत गांवें, शेतें, रस्ते, धांवपट्टी यांचा चिमुकला देखावा मांडीत आणि त्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरवीत. वैमानिक दांडा हालवी तसा कॅमेरा वळे व खालीं येई, आणि त्यास दिसणारें चित्र वैमानिकासमोर पडद्यावर उमटे. आतां तें काम संगणक करितो. खरा विमानतळ, त्यावरील दिवे, भोंवतालचे डोंगर, पाऊस, रात्र, सारें तो पडद्यावर रंगवितो.

परंतु आमच्या मतें सर्वांत नवलाची गोष्ट पडद्यावर नसून पायांत आहे. आजचें मोठें सिम्युलेटर म्हणजे सहा लांब पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली असते. हे पाय लहानमोठे होतात, आणि सहांच्या मेळानें खोली वरखालीं, पुढेंमागें, बाजूंस सरकते व हवी तशी कलते किंवा वळते. अशा बैठकीचें वर्णन डी. स्टुअर्ट या इंग्रज अभियंत्यानें १९६५ सालीं प्रसिद्ध केलें म्हणून तिला त्याचें नांव पडलें. पण तशीच रचना गॉफ नांवाच्या अभियंत्यानें मोटारींच्या टायरांची परीक्षा घेण्यासाठीं त्याहि अगोदर केली होती.

आतां सोंगाचें मर्म ऐका. विमान धांवपट्टीवर धांवूं लागलें कीं आपली पाठ बैठकींत दाबली जाते. खोलींत तर धांवण्यास जागा नाहीं. तिचे पाय फार तर चार दोन हात पुढें सरकतील. म्हणून यंत्र कोठडीचें नाक हळूच वर उचलतें, आणि पडद्यावरची धांवपट्टी मात्र सपाटच ठेवितें. कोठडी मागें कलल्यामुळें पृथ्वीचें आकर्षण शरीरास पाठीकडे ओढतें. डोळे सांगतात कीं आपण सपाट जमिनीवर आहों. तेव्हां मेंदू निष्कर्ष काढितो कीं वेग वाढत असला पाहिजे. ब्रेक लावल्याचा भास नाक खालीं करून होतो. प्रत्येक हालचालीनंतर पाय पुन्हा मधल्या जागीं आणावे लागतात, नाहींतर पुढच्या हालचालीस वाव उरणार नाहीं. तें काम यंत्र इतक्या मंद गतीनें करितें कीं कानांतील केंसांस त्याची खबर लागत नाहीं. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ज्या वैगुण्यामुळें ढगांत सांपडलेला मनुष्य फसतो, त्याच वैगुण्याचा आधार घेऊन हें यंत्र त्यास न फसण्याचें शिक्षण देतें.

आंत दोन वैमानिक बसतात. त्यांच्या मागें शिक्षक. शिक्षकाच्या हाताशीं एक फलक असतो आणि त्यावर बोट ठेवून तो हवें तें संकट आणूं शकतो. उड्डाणाच्या ऐन क्षणीं इंजिन बंद पाडावें, धूर आणावा, वारा उलटा करावा, धुकें पसरावें. खऱ्या विमानांत जें वर्षानुवर्षांत एकदांहि घडूं नये तें येथें एका रात्रींत दहा वेळां घडतें. रात्र म्हणण्याचें कारण असें कीं, यंत्राची किंमत कित्येक कोटी रुपयांची असल्यानें तें चोवीस तास चालू ठेवितात, आणि मोठमोठ्या कप्तानांसहि मध्यरात्रीं दोन वाजतां परीक्षेस बसावें लागतें. सर्व सोंगें आणतां येतात पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण या धंद्यासहि लागू आहे. तरी खऱ्या विमानास लागणारें इंधन आणि त्यांतली जोखीम हिशेबांत धरली तर हें सोंगच स्वस्त पडतें. प्रवासी विमानांच्या वैमानिकांस साधारणतः दर सहा महिन्यांनीं पुन्हा या खोलींत यावें लागतें. उत्तम प्रतीच्या सिम्युलेटरास इतकी मान्यता आहे कीं, अनुभवी वैमानिक नव्या जातीचें विमान पहिल्याप्रथम प्रवासी आंत असतांनाच चालवूं शकतो. अर्थात् शेजारीं त्या विमानाचा जाणकार कप्तान असतो. हें वाचून कोणा प्रवाशाची झोंप उडाली तर आमचा नाइलाज आहे.

सोंगासहि मर्यादा आहेत, आणि त्या झांकून ठेवणें बरें नव्हे. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कहून निघालेल्या एका विमानास पक्ष्यांचा थवा धडकून दोन्ही इंजिनें निकामी झालीं. कप्तानानें तें हडसन नदीवर उतरविलें आणि आंतील १५५ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं. तो विमानतळाकडे परत कां फिरला नाहीं, हें पाहण्यासाठीं चौकशीच्या वेळीं सिम्युलेटरांत तोच प्रसंग पुन्हा उभा करण्यांत आला. पक्षी आदळतांच क्षणाचाहि विलंब न लावतां वळलेले कांहीं वैमानिक परत पोंचले. परंतु काय घडलें हें समजण्यास माणसास वेळ लागतो, म्हणून पस्तीस सेकंद मध्यें जाऊं दिले, तेव्हां विमान वाटेंतच पडलें. यंत्रास प्रश्न कसा विचारावा हेंहि शिकावें लागतें, तें असें.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स जातीचीं दोन विमानें २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत व १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत पडून ३४६ माणसें मेलीं. विमानाचें नाक आपोआप खालीं दाबणारी एक नवी व्यवस्था त्यांत होती. जुन्या ७३७ वरून या नव्या विमानावर येणाऱ्यांस सिम्युलेटरांत बसविण्याची गरज नाहीं, संगणकावरचा छोटा पाठ पुरे, असें ठरलें होतें. आणि त्या विमानाचें जें सिम्युलेटर होतें त्यांतहि अशा संकटांत हातानें फिरवावयाचें चाक किती जड होतें हें खऱ्याप्रमाणें उतरलें नव्हतें, असें मे २०१९ मध्यें उघड झालें. पुढें विमानें पुन्हा उडूं देतांना सिम्युलेटरमधील शिक्षण सक्तीचें करण्यांत आलें. खर्च वांचविण्याकरितां शिक्षणांत केलेली काटकसर कोणाच्या खात्यावर पडते, हें या आंकड्यावरून दिसतें.

लिंकच्या कंपनीचें पुढें काय झालें, याची हकीकत आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचते. १९५४ सालीं ती दुसऱ्या एका कंपनींत विलीन झाली, आणि १९६८ सालीं तिची मालकी सिंगर कंपनीकडे आली. आमच्या गांवच्या शिंप्यांस ज्या यंत्राचें नांव तोंडपाठ आहे तीच ही शिवणयंत्रांची सिंगर. १९८८ सालीं सिंगरकडून ती सी. ए. ई. या कॅनडांतील कंपनीनें घेतली, मध्यंतरीं ती इतरांच्या हातीं गेली, आणि २०२१ सालीं एका मोठ्या व्यवहारांत पुन्हा सी. ए. ई. कडेच परत आली. सी. ए. ई. ची स्थापना १९४७ सालची. केन पॅट्रिक नांवाच्या, कॅनडाच्या विमानदळांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यानें माँट्रिऑलजवळ ती सुरू केली. आज सिम्युलेटर बनविणाऱ्या जगांतील अग्रगण्य कंपन्यांत तिची गणना होते.

याच कंपनीनें भारतीय विमानतळ प्राधिकरणाशीं भागी करून २००८ च्या सुमारास गोंदिया येथें राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था काढिली. गोंदियाजवळ बिरसी या गांवीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिशांनीं बांधलेली धांवपट्टी होती, तिचा उपयोग झाला. बेंगळूर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि सी. ए. ई. यांनीं मिळून हेलिकॉप्टरांसाठीं सिम्युलेटरचें केंद्र काढिलें. तेथील विशेष असा कीं, पडदा व हालणारी बैठक कायम ठेवून एका जातीच्या हेलिकॉप्टरची कोठडी बाहेर काढतां येते व दुसऱ्या जातीची आंत ढकलून बसवितां येते. आपल्या देशांत बनलेल्या ‘ध्रुव’ची कोठडीहि त्यांत आहे. आमचा नाशिक जिल्हाहि विमानविद्येस परका नाहीं. ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना निघाला व पुढें तेथें सुखोई विमानें तयार झालीं. आणि नाशिकरोडजवळ गांधीनगर येथें २००३ सालापासून सैन्याच्या वैमानिकांची शाळा आहे. याच शाळेंतून २५ मे २०२२ रोजीं कॅप्टन अभिलाषा बराक या वैमानिकाचे पंख लावून बाहेर पडल्या. सैन्याच्या विमानदलांतील त्या पहिल्या स्त्री युद्धवैमानिक होत. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

सोंग कितीहि हुबेहूब असो, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास आपल्याकडे दोनशें तास उडावें लागतें, आणि त्यांतले बहुतेक खऱ्या आकाशांतच काढावे लागतात. १८ मार्च २०२३ रोजीं गोंदियाहून निघालेलें एक शिक्षणविमान बालाघाट जिल्ह्यांतील डोंगराळ रानांत पडून शिक्षक व शिकणारी तरुणी दोघेंहि मरण पावलीं. मुलाला किंवा मुलीला या विद्येस घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांपासून ही गोष्ट लपवून ठेवावी असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांस कानाच्या फसवणुकीची प्रचीति घ्यावयाची असेल त्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. गरगर फिरणारें एक स्टूल घ्यावें. त्यावर एकानें ताठ बसून डोळ्यांस रुमाल बांधावा आणि आपण ज्या दिशेस फिरत आहों असें वाटेल त्या दिशेस बोट दाखवीत राहावें. दुसऱ्यानें स्टूल सावकाश, एकसारख्या वेगानें, अर्धा मिनिट फिरवावें. बाकीच्यांनीं बिलकुल आवाज करूं नये, कारण आवाजावरून दिशा कळते. थोड्या वेळानें बोट डळमळूं लागेल व खालीं येईल. त्यास वाटेल कीं स्टूल थांबलें. मग तें खरोखरीच थांबवावें, आणि बोट कोणीकडे जातें तें पाहावें. मात्र पट्टी सोडल्यावर त्यास लगेच उठूं देऊं नये, आणि शेजारीं धरावयास एक धट्टाकट्टा मुलगा उभा ठेवावा.